बाबा, दुर्बीण टाळू नका

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, तू लॅबमधे लघवीतलेच प्रोटीन शोधतेस ना मग माझी लघवीची बाटली तुझ्याकडेच पाठवतो, लघवी एकदा लाल झाली म्हणून मूत्राशयात दुर्बीण घालून बघायची कशाला. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय, आई तू वाचून दाखव त्यांना.

बाबा, मूत्राशयात कॅन्सरची गाठ असली की तिच्या मरणाऱ्या पेशींतले प्रोटीन लघवीत उतरतात. एनएमपी 22 त्यातलंच एक, त्याच्या टेस्टला अमेरिकेत 1996 लाच मान्यता मिळाली, पुढे चार थेंब टाकून तासाभरात उत्तर देणारं किटही आलं. पण मुतखड्याने किंवा इन्फेक्शननेही ती पॉझिटिव्ह येते, आणि तुम्हाला खड्याचा त्रास आहेच. उलट गाठ लहान असेल तर निगेटिव्ह येऊ शकते, मला भीती त्याचीच वाटते.

आम्ही काय करतो तर नमुना आला की लगेच बर्फात ठेवायचा, मशीनमधे गरगर फिरवून तळाला बसलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि वरचं पाणी उणे 80 डिग्रीच्या फ्रीजरमधे. मग त्यातले प्रोटीन मोजायचे. किडनीचं यूरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन एवढं भरलेलं असतं की आपल्याला हवं ते शोधणं म्हणजे वारीच्या गर्दीत हरवलेलं माणूस शोधणं. त्यात कोणी तांब्याभर पाणी पिऊन आलं की सगळंच पातळ, म्हणून लघवीतल्या क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थाशी ताडून बघावं लागतं. एका प्रोटीनवर भागत नाही, चारदोन एकत्र बघितले तर जरा भरवसा येतो. हा कॅन्सर परत परत येतो हो, पेशंटला सुरुवातीला दर 3 महिन्यांनी दुर्बीण आणि पुढे वर्षानुवर्षं, त्यातल्या थोड्या तरी वाचाव्यात म्हणून मी यात पडलेय.

पण तुमचं वेगळं आहे. लघवी एकदा लाल झाली, दुखलं नाही, आपोआप थांबली, म्हणून तुम्ही निवांत आहात. न दुखता येणारं रक्तच तपासावं लागतं बाबा. सिगारेट सोडलीत हे खूप चांगलं केलंत, तरी या कॅन्सरचे साधारण निम्मे पेशंट सिगारेट-बिडीमुळेच होतात, धुरातलं विष किडनीतून गाळून येतं आणि तासन् तास मूत्राशयात साठून राहतं. खड्याचंही असेल रक्त, पण ते बघितल्याशिवाय कसं ठरवणार?

सोमवारची अपॉइंटमेंट घ्या, मी रविवारी रात्रीच्या गाडीने येतेय. आई, बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधीच सांग, आणि खड्याची जुनी सोनोग्राफी फाईलमधे काढून ठेव.

तुमची,
ताई