मालाचे पैसे मजुरीत मिसळू नका

मा. संपादक,

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या व्यावसायिकांना नोटिसा काढल्या. त्यावर दिला जाणारा ‘क्यूआर कोड काढा, रोख घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. पैसे रोखीने आले की फोनवर, याने जीएसटीत फरक पडत नाही. वर्षाची उलाढाल बघितली जाते. सेवा देणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख रुपये आहे. ४० लाखांची मर्यादा केवळ माल विकणाऱ्यांची; वायरमन, प्लंबर, रंगारी यांनी तिच्यावर विसंबू नये.

खरा घोटाळा होतो तो मालाच्या पैशांत. समजा, शहापुरातल्या एका घराच्या वायरिंगची मजुरी ६० हजार आणि वायर, पाइप, स्विच मिळून माल १ लाख ४० हजारांचा. वायरमनने घरमालकाकडून दोन लाख घेऊन माल स्वतःच्या नावावर उचलला, की त्याची उलाढाल दोन लाख. अशी अकरा कामे झाली की २२ लाख. मजुरी मात्र ६ लाख ६० हजारच. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी केली नाही, तर कामाच्या रकमेवर १८ टक्के कर, त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज आणि दंड. घरमालक हा कर मागाहून देत नाही. तो मजुरीतूनच जातो.

म्हणून नुसत्या मजुरीवर काम धरावे. मालाची यादी लिहून द्यावी, बिल घरमालकाच्या नावाने करायला सांगावे आणि पैसे त्यांनी परस्पर दुकानदाराला द्यावेत. दुकानदाराने दिलेले कमिशन मात्र आपल्या उलाढालीत धरावे लागते. स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची निव्वळ मजुरी करमाफ आहे, पण २० लाख मोजताना तीही धरतात. कामाचे खाते वेगळे ठेवावे. भिशीचे, सोसायटीच्या कर्जाचे, भावाने पाठवलेले पैसे त्याच खात्यात आले, तर नोटीस आल्यावर एकेक नोंद उलगडून सांगावी लागते.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर गुंता आणखी वाढतो. बेळगावहून महाराष्ट्रातल्या चंदगड, शिनोळी, गडहिंग्लजला कामाला जाताना ‘इकडचे २० लाख वेगळे, तिकडचे वेगळे’ असे धरू नये. मर्यादा पॅनवर मोजतात, राज्यावर नाही. दोन्हीकडची बेरीज करायची. राज्याबाहेर सेवा दिली एवढ्यावरून नोंदणी सक्तीची होत नाही, २० लाखांच्या आतल्यांना ऑक्टोबर २०१७ पासून ती सूट आहे. पण इन्व्हर्टर किंवा मोटर नुसती विकून इथून शिनोळीला पोचवली, तर ती परराज्यातली मालविक्री झाली. तिला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. सेवेची ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची) ५० लाखांपर्यंत आहे आणि हिशेबाला सोपीही आहे, पण ती घेतल्यावर महाराष्ट्रातले काम करता येत नाही. तिकडची कामे असलेल्याने ती घेऊच नये.

जीएसटीशिवाय आयकरही असतो: कारखान्यात केलेल्या कामाचे एक बिल ३० हजारांवर किंवा वर्षाची बिले १ लाखावर गेली, की एकट्या ठेकेदाराचा १ टक्का टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापतात. पॅन दिला नसेल तर २० टक्के. आयकर विवरणपत्र भरल्याशिवाय ते पैसे परत मिळत नाहीत.

जीएसटी क्रमांक म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. हेस्कॉम या वीज कंपनीच्या नव्या जोडणीला कामपूर्तीचा दाखला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचाच लागतो. जीएसटी नोंदणीला सरकारी फी नाही. अर्ज अडतो तो पत्त्यावर: लाइट बिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र जोडावे. खात्याने शंका काढल्यास सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे, नाहीतर अर्ज फेटाळला जातो.

एवढी माहिती एका पानात मावते. वाणिज्य कर खात्याने ते पान कन्नडबरोबर मराठीतही छापून मार्चअखेरपूर्वी बेळगाव, खानापूर आणि निपाणीतल्या हार्डवेअर व इलेक्ट्रिकच्या दुकानांत लावावे, ही कळकळीची विनंती.

— एक कर सल्लागार, टिळकवाडी, बेळगाव