गाडी उंच करण्यावर सरसकट बंदी नको, तपासणी हवी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

एसयूव्ही किंवा जीप मूळ उंचीपेक्षा इंच-दोन इंच वर उचलून घेणे, गॅरेजच्या भाषेत ‘लिफ्ट’ करून घेणे, याची चर्चा वृत्तपत्रांत होते ती बहुधा सुटीच्या दिवशी चिखलात गाड्या घालणाऱ्या हौशी मंडळींच्या निमित्ताने. परंतु भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा मुख्य रस्ता सोडून आतल्या वाड्यांकडे वळले, की हा हौसेचा विषय राहत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि माणसे व सामान भरलेली गाडी त्यावर टेकून इंजिनखालचा तेलाचा चेंबर घासतो किंवा फुटतो. अशा वाटेने रोज दूध घालायला जाणारा किंवा आजारी माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवणारा मालक थोडक्या खर्चात गाडी उंच करून घेतो, त्यामागे गरज असते. ही गरज मान्य करून तिला सुरक्षित वाट द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम हे काम नेमके काय असते ते सांगितले पाहिजे, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. सर्वांत स्वस्त प्रकारात मूळ स्प्रिंग तशीच ठेवून तिच्या वर किंवा शॉक अॅब्सॉर्बरच्या माथ्यावर अॅल्युमिनियमची किंवा पॉलियुरेथेनची जाड चकती, म्हणजे स्पेसर, बसवतात. मागे पोलादी पट्ट्यांचे पाटे असतील तर एखादा पाटा वाढवतात, पाट्याचे टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारी लांब कडी, म्हणजे शॅकल, लावतात किंवा अॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. याचा खर्च काही हजारांत भागतो. स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर असा पूर्ण आयात संच घ्यायचा म्हटले तर खर्च लाखाच्या आसपास जातो आणि तो आमच्याकडील बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतो. या उंचीने गाडीच्या पोटाखालची जागा वाढते, चढाला लागताना पुढचा बंपर आणि उतरताना मागचा भाग कमी घासतो. मात्र एकसंध अॅक्सल असलेल्या गाडीत अॅक्सलवरचा गिअरचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जमिनीपासून जितके उंच होते तितकेच राहते. ते वर न्यायचे तर मोठे टायरच लागतात, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. एवढी साधी गोष्ट गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगणारे गॅरेज विरळा.

धोका चकतीत नाही, अर्धवट कामात आहे. आमच्या भागातील एका गॅरेजमध्ये नुकत्याच उंच केलेल्या एका गाडीचे पुढचे चाक जॅकवर लोंबकळत असताना मी जवळून पाहिले. ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारा रबरी होज (नळी) एरवी सैल कमानीसारखा वळलेला असतो, तो तिथे ताठ ओढला गेला होता आणि धातूच्या जोडापाशी रबर पांढुरके पडले होते. सपाट जागेवर गाडी उभी केली की ताण दिसेनासा होतो आणि मालक समाधानाने घरी जातो. पुढे एखाद्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली सुटले की तोच होज पुन्हा ताणला जाणार. वास्तविक तो बांधणाऱ्या ब्रॅकेटची जागा थोडी खाली घेणे किंवा लांब होज बसवणे हे फार खर्चाचे काम नाही.

असाच दुर्लक्षित भाग मागच्या ब्रेकचा. एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) येण्याआधीच्या अनेक युटिलिटी गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेल्या एका दांडीवरून गाडीत वजन किती आहे हे ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि अॅक्सल यांच्यातील अंतर वाढले, की गाडी रिकामी आहे असे मानून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. म्हणजे माणसांनी भरलेली उंच गाडी घाट उतरत असताना मागची चाके हवी तेवढी धरत नाहीत. त्या दांडीची जोडणी नव्या उंचीप्रमाणे पुन्हा लावून घेतली की हा दोष दूर होतो. पण ती तशी लावायची असते हेच अनेक मिस्त्रींना कोणी शिकवलेले नाही.

बाकीची कामेही अशीच आहेत. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) असेल तर उंचीबरोबर चाकांचा कल बदलतो आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे अधिक तिरके चालून लवकर झिजतात, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी लागते. जिम्नीसारख्या, पुढे-मागे एकसंध अॅक्सल असलेल्या गाडीत अॅक्सलला चासीशी जोडणाऱ्या आडव्या दांडीमुळे अॅक्सल एका बाजूला सरकतो, आणि पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्याने वेगात स्टिअरिंग हलके व भरकटते वाटू लागते. केवळ पुढची बाजू उचलली तर हेडलाइटचा झोत वर चढतो आणि घाटात समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

उंची किती असावी याला मर्यादा हवीच. वळणावर गाडी कलंडण्याचा धोका ढोबळमानाने दोन चाकांतील निम्मे अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरतो. गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर असलेली गाडी ५० मिलिमीटर उचलली तर हे गुणोत्तर सहा-सात टक्क्यांनी घटते. सावधपणे चालवणाऱ्याला ते सांभाळता येते. तीच गाडी १०० मिलिमीटर उचलली आणि वर टपावर सामानाचे कॅरिअर चढवले, तर घाटातील नागमोडी वळणावर तिचा भरवसा मी देणार नाही. त्यामुळे चार-चार इंच गाड्या उचलून रस्त्यावर मिरवणाऱ्यांची बाजू मला मुळीच घ्यायची नाही.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. परवानगी नसलेले भाग बसवून फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला आहे, की गाडी उंच करणारा माणूस ते काम लपवतो, चांगले वर्कशॉप नाव गुंतेल म्हणून हात लावत नाही, आणि काम शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असल्याने तोवर ती पुन्हा पासिंगला जात नाही, म्हणजे त्या ताणलेल्या होजकडे कोणा जाणकाराची नजर जाण्याची शक्यताच उरत नाही.

वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने याच कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला अशा फेरफारांसाठी तपशील, मान्यतेच्या अटी आणि भाग बसवण्याचे नियम ठरवण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्या नियमांनुसार केलेल्या बदलामुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द मानली जाणार नाही अशीही तरतूद केली आहे. सीएनजी किटच्या बाबतीत ही पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. किटला पुण्यातील एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता, अधिकृत ठिकाणी बसवणी आणि मग आरसीवर नोंद, हा क्रम गाडीमालकांच्या अंगवळणी पडलेला आहे. ज्वालाग्राही वायूची टाकी डिकीत बसवण्याला जर नियमांत बसवता येते, तर ५० मिलिमीटरपर्यंतच्या सस्पेन्शन लिफ्टला का बसवता येऊ नये, हे मला समजत नाही.

परिवहन खात्याने हा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. त्यात प्रत्येक मॉडेलसाठी चाचणी झालेला स्वस्त संच असावा आणि चकतीसोबत होजचा ब्रॅकेट व जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर देणे सक्तीचे असावे. अलाइनमेंट, ब्रेक आणि हेडलाइट तपासल्याचा दाखला जोडल्याशिवाय आरसीवर नोंद होऊ नये. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात या कामाचा एखादा प्रात्यक्षिक धडा घालता आला तर फारच बरे, कारण तालुक्याच्या गॅरेजांत हात काळे करणारी बरीच मुले तिथूनच येतात. नियम होईपर्यंतही आरटीओने पावसाळ्यापूर्वी डोंगरी तालुक्यांत दंडाची भीती न घालता ब्रेक तपासणीची शिबिरे घ्यावीत आणि उंच केलेल्या गाड्यांचे पुढचे चाक जॅकवर सोडून होज पाहावा.

आपला नम्र,
एक गाडीमालक, भोर (जि. पुणे)