बंदी २०३० ला की २०३५ ला? आधी मीटर रूम बघा

मा. संपादक,

मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत वाद चालतो तो फक्त सालाचा. आमचे म्हणणे असे की, बंदी जमणार की फसणार हे सोसायटीच्या मीटर रूममध्ये ठरेल, आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

नव्या गाडीच्या विक्रीवर बंदी म्हणजे दारात उभी असलेली गाडी जप्त करणे नव्हे, एवढे आधी स्पष्ट व्हावे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायद्यात घातलेली २०३५ ची मुदत नव्या मोटारी आणि व्हॅनपुरती आहे, आणि तीही सैल करण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये तिथे आला. ब्रिटनने २०३० ठरवले, मग २०३५ वर ढकलले, पुन्हा २०३० वर आणले. नॉर्वेने बंदी घातलीच नाही. करात सूट दिली आणि फ्लॅटधारकाला चार्जर बसवण्याचा हक्क दिला. सोसायटीला नाही म्हणायचे तर सबळ कारण द्यावे लागते. २०२४ मध्ये तिथल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या.

आता घोडबंदर रोडवरची शंभर गाड्यांची सोसायटी घ्या. प्रत्येकाला ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा, म्हणून कमिटी शंभराने गुणते. ७२० किलोवॅट! नवा ट्रान्सफॉर्मर ठेवायला जागा नाही, विषय बंद. हा गुणाकारच चुकीचा आहे. ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन येणारी गाडी दिवसाला सुमारे ५० किलोमीटर धावते. छोटी इलेक्ट्रिक मोटार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोज आठ युनिट पुरतात. शंभर गाड्यांचे ८०० युनिट रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वाटून दिले, तर चार्जिंगमधली घट धरूनही भार ११० किलोवॅटच्या आसपास राहतो. मात्र सगळे चार्जर एकमेकांशी बोलणारे हवेत आणि मुख्य केबलवर करंट मोजणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) हवा, म्हणजे भार वाढला की चार्जर आपोआप करंट कमी करतील. चार्जर ६ अँपिअरच्या खाली उतरत नाही, थेट थांबतो. शंभरही ६ अँपिअरवर चालले तरी १३८ किलोवॅट होतात, म्हणून पाळ्या लावाव्याच लागतात.

असे नियोजन नसले की लोक वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन ओढतात. १५ अँपिअरचा साधा सॉकेट गीझरसाठी पंधरा मिनिटे तापतो आणि गार होतो. गाडी त्यातून सलग तीन तास करंट ओढते. स्क्रू ढिले पडतात, पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होते, मग मासळीसारखा वास येतो. तो वास आला की प्लग ओढू नका, आधी एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडा. केबलचेही तसेच. ३२ अँपिअरला ६० मीटर अंतरावर ६ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल टाकली तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच जातात; १० स्क्वेअर एमएम घातली तर सात. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा घ्या; चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ‘ए’ टाइपचा, नसेल तर ‘बी’ टाइपचा. घरात असतो तो ‘एसी’ टाइप गाडीतून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटच्या) गळतीने आंधळा होतो आणि नेमक्या वेळी पडत नाही.

वाशी, नेरूळ, बेलापूरच्या जुन्या सिडको इमारतींत दुखणे अर्थिंगचे असते. खाडीच्या खाऱ्या हवेने पट्टी गंजते, चार्जर लाल दिवा दाखवतो आणि दोष गाडीवर जातो. अर्थचा रोध ५ ओहमच्या आत आहे का, ते मोजून घ्या. काही वायरमन दिवा घालवायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे जीवघेणे आहे. वरती कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि पावसात ओल्या फरशीवर अनवाणी मूल त्या पत्र्याला हात लावते.

ठाण्याच्या नव्या टॉवरांत पझल पार्किंग आहे. तिथे गाडीचा पाटच सरकतो, भिंतीवरचा चार्जर कुचकामी. पाटापर्यंत वीज नेण्याची सोय नकाशातच हवी. महापालिकेने भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी केबल ट्रे आणि पार्किंगपर्यंतचे पाइप तपासावेत, एवढी तरी अट समितीने सुचवावी.

गायमुखच्या घाटात रांगेत धूर सोडणारे कंटेनर ट्रक मोटारींच्या बंदीने हटणार नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागेल.

जुन्या सोसायट्यांनी येत्या मे महिन्यात मुख्य केबलवर सात दिवस लॉगर (भाराची सतत नोंद ठेवणारे यंत्र) लावून भार मोजावा आणि तो तक्ता जोडूनच महावितरणकडे चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटरचा अर्ज करावा. जानेवारीत मोजाल तर आकडा फसवेल. इथे खरा भार मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास, घरोघरी एसी लागल्यावर चढतो. गाड्यांसाठी किती वीज उरते ते त्याच तक्त्यात रात्री दहा ते सकाळी सहाच्या रकान्यांत दिसेल.

– दोन विद्युत ठेकेदार, ठाणे आणि नवी मुंबई