साबणाचा फेस

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

चार महिने फोन नाही, दे शिव्या. तब्येत बरी आहे. शुगर काठावर, त्यावर भाषण नको.

हे फक्त तुलाच कळेल. महापेच्या लॅबमध्ये तीन आठवडे मास स्पेकचा, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या आपल्या यंत्राचा, सिग्नल घसरत होता. सोर्सच्या, म्हणजे सुईतून नमुन्याचं धुकं उडतं त्या भागाच्या, काचेतून मोबाइलचा टॉर्च मारला, तर सुईच्या टोकाशी धुक्याऐवजी थेंब लोंबतोय आणि पान खाल्लेल्या माणसासारखा तिरका थुंकतोय. सुई जरा मागे घेतली, फ्लो ४०० मायक्रोलिटरवरून २०० वर आणला, व्होल्टेज कमी केलं. टोकाशी निमुळता कोन, पुढे एकसारखं धुकं! थेंब बारीक झाले की लवकर आटतात, रेणूंना चार्ज नीट मिळतो. सिग्नल दुप्पट. साहेबांनी मीटिंगमध्ये पाठ थोपटली. मीही फुशारून जॉन फेनची गोष्ट ऐकवली, साठी ओलांडल्यावर हे इलेक्ट्रोस्प्रेचं, म्हणजे व्होल्टेज लावून धुकं करायचं, तंत्र हाती घेतलं आणि २००२ मध्ये नोबेल मिळवलं ती.

पण स्पेक्ट्रममध्ये ४४-४४ च्या अंतराने पीक्सची शिडी तशीच उभी! पीईजी (पॉलीइथिलीन ग्लायकॉल), दुसरं काय; त्याच्या साखळीची एकेक कडी ४४ ची. हे साबणातलं लेकाचं थेंबाच्या पृष्ठभागावर पहिल्या पंगतीला बसतं, चार्ज हादडतं आणि आपला रेणू उपाशी. ‘बाटल्या नीट धुवायला शिक’ म्हणून मी ट्रेनी पोरीला सगळ्यांसमोर झापलं होतं. बुधवारी रात्री झोपेतून उठून बसलो. भांड्यांच्या लिक्विडने, ब्रश मारून बाटल्या मीच घासत होतो रे. रोज संध्याकाळी. हौसेने!

तू न उडणाऱ्या क्षारांचा फॉस्फेट बफर चालवून सोर्सवर मिठाचा थर जमवलास, तेव्हा मी तुला अख्ख्या कॅन्टीनसमोर गाढव म्हटलं होतं. तू दोन महिने बोलला नाहीस. (बफर फॉस्फेटचा होता हे मात्र खरं, त्यावर माघार नाही.) ही पोरगी बोलते, ‘हो सर’ म्हणते, तेच जास्त झोंबतं.

शुक्रवारी बघतो तर प्रत्येक बाटलीवर तिच्या अक्षरात पट्टी: ‘साबण लावू नये.’ कारण तिला कळलंय. कुणी लावला तेही कळलं असणार.

उद्या दहाला रिपोर्ट द्यायचाय. सुईचं, फ्लोचं सगळं लिहून झालं. ‘मूळ कारण’ हा रकाना तेवढा कोरा आहे.

तुझी वास्तुशांत झाली का? वहिनींना नमस्कार. पोराचा दहावीचा निकाल कळव. आणि दहाच्या आत फोन कर, गाढव म्हणायला का होईना.

तुझा,
बंड्या