भुरीला भरवताना

अमळनेर,
वैशाख शुद्ध प्रतिपदा

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

तू उद्या संध्याकाळी घरी पोचशील तेव्हा मी सुरतला मावशीजवळ असेन. तिचं ऑपरेशन नेमकं आखाजीच्याच, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी ठरलंय आणि तिच्याजवळ थांबायला दुसरं कोणी नाही. लेक आखाजीला माहेरी यावी आणि आईच घरात नसावी, याचं मला फार वाईट वाटतंय. एकादशीच्या रथोत्सवापर्यंत मी परत येईनच. तोवर आपली मांजर भुरी तुझ्या हाती आहे. ती आजारी आहे आणि तिने खाणं टाकलंय. फोनवर अर्धं राहून जातं म्हणून सगळं लिहून ठेवते. हे पप्पांनाही वाचून दाखव. त्यांचा तिच्यावर फार जीव आहे, पण वाटीतलं सगळं एकाच बैठकीत तिच्या पोटात जावं असं त्यांना वाटतं, आणि तसं केलेलं तिला सोसत नाही.

पहिली गोष्ट, भुरी हट्ट करत नाहीये. शेजारच्या आक्का मला म्हणाल्या, "राहू दे उपाशी, भूक लागनी म्हंजे आपेआप खाई." त्यांचं मन वाईट नाही. आपल्याकडे आजारात लंघन करायची रीतच आहे. मी स्वतः एकादशी करते, ताप आला तर पेजेवर राहते, अंगाला काही होत नाही. मांजराच्या अंगाला हे चालत नाही, माय. त्याचं खाणं बंद झालं की शरीर आपली साठवलेली चरबी काढून लिव्हरकडे पाठवू लागतं. मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी एकदम पचवता येत नाही, ती तिथेच साचते आणि लिव्हर काम सोडू लागतं. मग मळमळ वाढते आणि असलेली भूकही मरते. म्हणजे आजार बाजूलाच राहतो आणि उपासच जीव घेतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तरी हे सुरू होऊ शकतं, आणि आपली भुरी आहे तशा भरल्या अंगाच्या मांजराला याचा धोका जास्त. म्हणून मोठ्या मांजराने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही की डॉक्टर गाठायचा. पिल्लाच्या बाबतीत तर तेवढंही थांबायचं नाही.

तिला झालंय काय, तर सर्दीचा विषाणू. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, जिभेच्या कडेला लालभडक फोड आहेत. कॅलिसी नावाचा विषाणू असे फोड आणतो म्हणाले. वरून नाक गच्च. ती बशीपाशी येते, वाकून बघते आणि मागे फिरते. भूक असून तोंड लावता येत नाही, असं ते आहे. हा आजार माणसाला लागत नाही, पण दुसऱ्या मांजराला पटकन लागतो. तेव्हा आक्कांचा बोका ओट्यावर आला तर हाकल, भुरीची बशी त्याच्यासमोर ठेवू नकोस आणि तिला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या मांजराला शिवू नकोस.

मांजराला जेवायचं की नाही हे त्याचं नाक ठरवतं. वास आला नाही तर समोर काय ठेवलंय ते त्याला अन्नच वाटत नाही. म्हणून भरवायच्या आधी तिचं नाक मोकळं करायचं. न्हाणीघरात कढत पाण्याची बादली भर, दार लावून घे आणि तिला मांडीवर घेऊन बादलीपासून लांब, पाटावर दहाएक मिनिटं बस. मग डॉक्टरांनी दिलेल्या सलाइनमध्ये कापसाचा बोळा भिजवून नाकपुड्या हलक्या हाताने पूस. पाण्यात कापूर, निलगिरी, बाम यातलं काहीही घालायचं नाही. तुम्हा भावंडांना मी ओवा-कापराची पुरचुंडी हुंगायला द्यायचे, तुला तेच आठवेल, पण कापूर आणि असली तेलं मांजराला विषारी आहेत.

आता जेवण. मी माळकरी बाई, हे तुला सांगायला नको. तरी भुरीसाठी मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात मी चिकन उकडते. आक्कांनी विचारलं, माळ घालून हे कसं चालतं? मी विठ्ठलाला हात जोडून सांगितलंय की हे माझ्या ताटासाठी नाही. मांजराचं शरीर मांसावरच बेतलेलं आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं, ते प्राण्यांच्या मांसात असतं, पोळीत नसतं. ते मिळालं नाही तर मांजराचं हृदय आणि डोळे अधू होतात. माझं व्रत तिच्यावर लादायचा मला काय अधिकार? मला हे मनापासून पटलंय, म्हणून माझा हात थरथरत नाही. तुलाही संकोच वाटायला नको.

चिकन बिनहाडाचं घे. मीठ, हळद, मसाला काही नको, नुसत्या पाण्यात शिजव. कांदा-लसूण तर लांबच ठेव. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो की पूड असो. आखाजीला घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. कोणी प्रेमाने शेवभाजीचा रस्सा तिच्या बशीत ओतायला गेलं तर स्पष्ट नाही म्हण, वाईटपणा आला तरी चालेल. दूधही नको. मांजर म्हटलं की लोक दुधाची वाटी पुढे करतात, पण मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही, आणि आत्ता तिला जुलाब लागले तर अंगात उरलेलं पाणीही जाईल.

शिजलेलं चिकन त्याच पाण्यात मिक्सरमधून उगाळलेल्या गंधासारखं मऊ होईपर्यंत फिरव. डॉक्टरांनी आजारी मांजरांसाठीचा डबा दिलाय, त्यातलं अर्धं आणि हे अर्धं असं मिसळते मी. नुसत्या चिकनवर फार दिवस काढायचे नाहीत. फ्रिजमधलं गार कधी देऊ नकोस. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट कर, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघ. तिच्या अंगाइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास कोमट असलं की वास उठतो. आधी पसरट बशीत थोडं तिच्यासमोर ठेव आणि बाजूला हो. स्वतःहून चाटलं तर सोनं. टक लावून बसू नकोस.

नाहीच चाटलं तर सिरिंज. सुई काढलेली, छोटी. तिला टॉवेलमध्ये गुंडाळ, मान मोकळी ठेव, पाठ तुझ्या पोटाशी टेकू दे. डोकं सरळच राहायला हवं. मान वर करून घशात ओतायचं नाही, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेने, सुळ्याच्या मागच्या फटीतून आडवं सरकव आणि अर्धा-एक मिलिलिटर सोड. मग थांब. तिने गिळलेलं तुला गळ्यावर दिसेल. गिळल्यावरच पुढचा थेंब. तिच्या जिभेवर फोड आहेत, तिथे टोक लागू देऊ नकोस. खोकली तर लगेच सोडून दे. एका वेळी थोडंच, पण दिवसातून पाच-सहा वेळा.

पाच किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण २३० कॅलरी लागतात. ते आकडे डोळ्यासमोर ठेवून घाई मात्र करायची नाही. रिकाम्या पोटाला एकदम पूर्ण खुराक दिला तर रक्तातले क्षार बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिसरा हिस्सा आणि मग रोज थोडं वाढवत जायला सांगितलं. आता ती निम्म्याच्या पुढे आली आहे. वहीत रोजचं लिहिलंय, तूही लिही: किती पोटात गेलं, किती उलटलं, शू कितीदा, वजन किती.

ताई, सगळ्यात अवघड काय आहे ते आता सांगते. तिने मान फिरवली, जीभ ओठांवरून वारंवार फिरवायला लागली, लाळ गाळायला लागली, तर वाटीत कितीही उरलेलं असो, थांबायचं. ती मळमळ आहे. त्या वेळी जबरदस्ती केली तर मळमळ आणि ते अन्न यांची गाठ तिच्या मनात बसते, आणि बरी झाल्यावरही ती त्या अन्नाकडे बघत नाही. औषध अन्नात कालवायचं नाही तेही याचसाठी, अन्नावरचा तिचा विश्वास उडता कामा नये. पप्पा "अजून दोनच घास" म्हणतील. त्यांना समजाव. मळमळीचं आणि भूक लागायचं औषध डॉक्टरांकडे असतं, वाटलं तर त्यांना विचार. तेवढ्यानेही भागलं नाही तर मानेजवळून अन्ननलिकेत नळी बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण रोजच्या झटापटीपेक्षा मांजराला ती सोपी जाते. तशी वेळ आली तर घाबरून नाही म्हणू नकोस.

अंग तापलेलं वाटलं तरी घरातली तापाची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीरात नीट मोडलं जात नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आक्का चांगुलपणाने सुचवतील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ऊन तर तुला माहीतच आहे. तिला मागच्या खोलीत, कुलरची हवा थेट अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलंय. आखाजीला मुलींचे झोके, गाणी, ये-जा सगळं पुढच्या अंगणात होऊ दे, मागचं दार लोटलेलं राहू दे. मातीच्या दोन वाट्यांत पाणी आहे, एक तरी अन्नाच्या बशीपासून लांब ठेव. हिरड्यांना बोट लावून बघत जा, ओलसर लागायला हव्यात. चिकट, कोरड्या लागल्या किंवा खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, तर पाणी कमी पडलंय. डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात. तोंड उघडं टाकून धापा टाकताना दिसली तर वहीत लिहीत बसू नकोस, तशीच उचलून ने.

आणि रोज सकाळी उजेडात तिच्या कानाची आतली बाजू, हिरड्या आणि डोळ्यांचं पांढरं बघ. पिवळी झाक दिसली तर ते लिव्हरचं आहे. तेव्हा माझ्या फोनची वाट बघायची नाही, पाहुण्यांचं जेवण व्हायचं थांबायचं नाही. आपल्या डॉक्टरांना फोन कर, ते सांगतील तिथे, जळगावला किंवा धुळ्याला, तडक निघ. रक्ताची तपासणी तिथेच होईल. पैसे देवघरातल्या पितळी डब्यात आहेत, भुरीला न्यायच्या टोपलीला झाकण बांधायची सुतळी त्याच्याखाली आहे.

पप्पांच्या घागरीचं सामान आणि गौराईच्या सांजोऱ्या काढून ठेवल्या आहेत. आंबे माचावर आहेत, पिकलेले आधी संपव. रात्री भरवून झालं की मला किती गेलं तेवढं कळव, मी दवाखान्यात जागीच असेन.

तुझी,
आई