डक की डक्ट?

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी खिडकीच्या फटीला डक्ट टेप, म्हणजे ती चंदेरी कापडी चिकटपट्टी, लावल्याचं सांगितलं, तर तुम्ही लगेच अडवलंत, "डक की डक्ट?" घाईत मी "एकच ते" म्हणून मोकळी झाले. मग चैन पडेना. शोधलं, आणि तुमची शंका रास्त निघाली.

आधीचा शब्द डक. सैनिकांनी बदकावरून नाव ठेवलं, कारण बदकासारखंच टेपवरूनही पाणी ओघळून जातं, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. पण नाव आहे कापडाचं. डच भाषेत कापडाला 'डूक' म्हणतात. त्यावरून इंग्रजीत शिडांच्या, तंबूंच्या जाड सुती कापडाला डक म्हणू लागले. त्याच्या पट्ट्या म्हणजे डक टेप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द होता, पण त्या पट्ट्यांना गोंद नव्हता.

गोंदाच्या टेपमागे एक आई आहे, बाबा. वेस्टा स्टाउट. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात ती काम करायची, दोन मुलं नौदलात. खोकी कागदी पट्टीने बंद करून वर मेण द्यायचे, आणि ओढायचं टोक ऐन वेळी तुटायचं. गोळ्या चालू असताना आपल्या मुलांनी खोकं उघडत बसायचं? तिने कापडी टेप सुचवली. वरिष्ठांनी काही केलं नाही. तेव्हा १९४३ मध्ये तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, आकृती काढून. ते मान्य झालं आणि जॉन्सन अँड जॉन्सनने टेप बनवली, लष्करी हिरव्या रंगाची. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांमध्ये गरम हवेचे पत्र्याचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे नळ, जोडायला ती वापरू लागले. रंग पत्र्यासारखा चंदेरी झाला आणि नाव डक्ट टेप. गंमत म्हणजे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने डक्टच्या सांध्यांवर बरेच प्रकार तपासले, त्यात ही कापडी टेपच निघून आली!

काल एक तुकडा आडवा फाडला. कात्री लागत नाही, चर्रकन फाटतो. कडेला बारीक पांढरे दोरे लोंबत होते. वर प्लॅस्टिक, खाली गोंद, मध्ये सुताची जाळी. म्हणून मी आता डकच म्हणते.

येताना एक रीळ आणते.

तुमची लेक