हनुवटीचा मार कानापाशी शोधणाऱ्या डॉक्टर ताईंना

डॉक्टर ताई,

माझा मुलगा तुम्हाला याच नावाने हाक मारायचा, म्हणून मीही तसंच लिहिते. परवा तपासणीला आलो तेव्हा कळलं, तुमची इंटर्नशिप संपली. आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे उघड पत्र.

श्रावणात रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला आणि हनुवटीवर आपटला. आधी जिथे नेलं, तिथे टाके घालून घरी पाठवलं. चौथ्या दिवशीही त्याला घास चावता येईना. कानापुढे दुखतं म्हणायचा. मला वाटलं, कानाचंच काहीतरी असेल.

तुम्ही टाक्यांकडे नंतर पाहिलंत. आधी त्याच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवलीत आणि म्हणालात, "आ कर बघू." तोंड उघडताना हनुवटी डावीकडे सरकली. चार दिवस मी त्याला भरवत होते, पण मला ते दिसलं नव्हतं. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला आणि डाव्या कंडाईलच्या, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या जबड्याच्या वरच्या टोकाच्या, मानेशी चीर निघाली.

ओपीडीत एवढी गर्दी, तरी तुम्ही जबड्याचं मॉडेल माझ्या हातात दिलंत. घोड्याच्या नालासारखं हाड, दोन्ही टोकं वर वळून कानापुढच्या सांध्यात बसलेली. बांगडी दाबावी एकीकडे आणि तडकावी भलतीकडे, तसा हनुवटीवरचा मार हाडातून वर जातो आणि त्या बारीक मानेशी हाड मोडतं, हे तेव्हा उमगलं. तोंड उघडताना कंडाईलला पुढे ओढणारे स्नायू दोन्हीकडे असतात. डावीकडचा निकामी झाला, उजवा ओढत राहिला, म्हणून हनुवटी डावीकडे वळली. मग कापसाने त्याचा खालचा ओठ चाचपलात. जबड्यातली नस आतल्या बाजूने हाडात शिरते आणि हनुवटीच्या बाजूच्या छोट्या भोकातून ओठाकडे येते. चीर त्या वाटेच्या वर होती, म्हणून ओठ बधिर नव्हता. त्या क्षणी मला पहिल्यांदा धीर आला.

वाढत्या वयात तिथे दुखापत झाली तर जबडा एका बाजूने खुरटू शकतो, सांधा आखडू शकतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. त्याच्या बाबतीत ऑपरेशन नको, पण तोंड उघडण्याचा व्यायाम चुकवायचा नाही, असं बजावलंत. गुरगुट्या भात, वरण, नाचणीची आंबील यांवर दिवस काढले. रोज आरशासमोर उभं राहून हनुवटी सरळ रेषेत ठेवत तोंड उघडायचं. तो रडायचा, मीही रडायचे. पहिल्या दिवशी जेमतेम एक बोट जात होतं.

आता त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. रविवारी हट्टाने मिसळ-पाव खाल्ला, दोन्ही बाजूंनी चावून. वर्षभर तपासणीला येत राहू. केसपेपरच्या मागे तुम्ही काढून दिलेलं जबड्याचं चित्र त्याने अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलंय, आणि डाव्या बाजूच्या चिरेवर लाल पेनने लिहिलंय, "जुळली".

तुमच्या छोट्या पेशंटची आई,
पंचवटी, नाशिक